निवडसमितीला ‘नकळत वर्णपूर्वग्रहा’ची चाचणी सक्तीची करावी का?

दांडियाबाजारकर:
करावीच. वडोदऱ्यातल्या कंपन्या, कॉलेजं, दवाखाने, सगळीकडे. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी आणलेली ही आयएटी, म्हणजे इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट. पडद्यावर गोरे-काळे चेहरे आणि बरे-वाईट शब्द येतात, दोन कळांवर भराभर वाटायचे. जोड्या उलटल्या की हात किती मिलिसेकंद अडखळतो, ते मोजतात. पूर्वग्रह असला की समोरच्याची खरी माहितीही आपण अर्धवट ऐकतो. मग निवड तरी कशाच्या आधारावर होणार?

संशयात्मा:
सक्ती कशाच्या जोरावर? एकाच माणसाच्या दोन वेळच्या निकालांतला सहसंबंध (पूर्ण जुळले तर १) ०.५ च्या आसपास. ऑस्वल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात वंशाबाबतच्या प्रत्यक्ष वागण्याशी चाचणीचा सहसंबंध ०.१५ च्या घरात. गटाची सरासरी काढायला ठीक, पण एखाद्याच्या कपाळावर शिक्का मारायला नाही.

दांडियाबाजारकर:
थर्मामीटर बिघडला म्हणून ताप खोटा ठरत नाही! बोस्टन-शिकागोत बर्ट्रंड-मुल्लैनाथन यांनी (२००४) नुसती नावं बदलून अर्ज पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के बोलावणी, काळ्या वाटणाऱ्यांना ६.४५. आपल्याकडे थोरात-ॲटवेल यांचा असाच अर्जांचा प्रयोग (२००७): सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावण्याच्या संधीचं गुणोत्तर दलित आडनावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३.

संशयात्मा:
भेदभाव सिद्ध झाला, ‘नकळत’ नाही. १९१७ मध्ये याच शहरात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, त्यात नकळत काय होतं?

धमनी:
दोघंही मनातच अडकलात. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर घ्या. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो, मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, जास्त असलं की आकडा फुगू शकतो. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात मापक ९२–९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली, असं कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के जोड-मोजण्यांत (मापक आणि रक्त, दोन्हींच्या) निघालं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. डॉक्टर कितीही निर्मळ असो, चुकीचा आकडा केसपेपरवर चढतो आणि तिथून संशोधनात. धाप आणि आकडा जुळत नसेल तर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, करा.

संशयात्मा:
हा कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राचे आकडे खऱ्या मापाशी जुळवण्याचा, दोष. त्याला पूर्वग्रह कशाला म्हणायचं?

धमनी:
कॅलिब्रेशन कुणावर करायचं, हे कोण ठरवतं? औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत चाचणीसाठी किमान १० जण आणि त्यांत गडद त्वचेचे २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. एवढ्याने भागेल हे कुणाला तरी पटलं होतंच ना?

संशयात्मा:
मग भरतीतही यंत्रणाच दुरुस्त करा. अर्जातलं नाव, आडनाव, फोटो, गाव झाका. प्रश्न सगळ्यांना तेच. गुण प्रत्येकाने चर्चेआधी लिहून द्यायचे, नाहीतर साहेबांचं मत सगळ्यांचं होतं.

दांडियाबाजारकर:
कबूल. पण मुलाखतीत तोंड उघडलं की बोली कळते, तिला काय झाकणार?

संशयात्मा:
कामाचा लेखी नमुना आधी तपासा, निम्म्याहून जास्त गुण त्यालाच.