मदत हवी आहे: चुंबक चिकटत नाही म्हणजे धातू अलोहच का?

नमस्कार मंडळी,

वर्कशॉपमधल्या तुकड्यांचा डबा वेगळा करतोय. अ‍ॅल्युमिनियम वितळवून ओतकामाला घ्यायचे आहे, त्यामुळे त्यात पोलाद गेलेले चालणार नाही. लोखंड मुख्य असलेले पोलाद, बीड वगैरे लोहयुक्त. तांबे, पितळ, जस्त, शिसे अलोह, एवढे माहीत आहे. पण चुंबक फिरवला की गोंधळ होतो. ३०४ असा शिक्का असलेल्या स्टेनलेसच्या पट्टीला सपाट भागावर तो धरतच नाही, वाकवलेल्या कोपऱ्यावर मात्र हलकी ओढ जाणवते. उलट एका पिवळ्याधमक स्क्रूला चटकन चिकटतो! मग खात्रीने ओळखायचे कसे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

पट्टी लोहयुक्तच. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, बाकी बहुतेक लोखंड. निकेलमुळे स्फटिकरचना अशी होते की चुंबक धरत नाही. थंडच वाकवली की कोपऱ्यातली थोडी रचना बदलते, म्हणून तिथे ओढ लागते. स्क्रू कानशीने घासून बघा, पिवळ्या मुलाम्याखाली पोलाद निघेल. आणि शुद्ध निकेल, कोबाल्ट अलोह असूनही चुंबकाला चिकटतात, तेव्हा एकट्या चुंबकावर विसंबू नका.

तुमच्या कामाला घनता उत्तम. तुकड्याचे वजन ग्रॅममध्ये घ्या, मापपात्रात बुडवून पाणी किती मिलिलिटर चढले ते बघा आणि भागाकार करा. अ‍ॅल्युमिनियम २.७ च्या आसपास येईल, स्टेनलेस ८ च्या. इतका फरक नजरचुकीने झाकला जात नाही. तुकडा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय मुशीत टाकू नका, वितळलेल्या धातूत पाणी गेले तर स्फोट होतो.

प्रतिसाद २

ग्राइंडरवर पोलादाच्या ठिणग्या उडतात, अ‍ॅल्युमिनियमच्या नाहीत. तरी अ‍ॅल्युमिनियम त्या दगडावर धरू नका. दगड भरतो, शिवाय त्याची पूड लोखंडाच्या पुडीत मिसळली की आगीचा धोका.

धागाकर्ता

मनापासून आभार. घनता काढायला घेतली. एक पांढरट, फारच हलका तुकडा १.८ दाखवतोय. मोजमाप चुकले का?

प्रतिसाद १

चुकले नसावे. बहुधा मॅग्नेशियमचा मिश्रधातू आहे, शुद्ध मॅग्नेशियम १.७४ असते. तो अलोहच, पण अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगात अजिबात नको. घासू नका, वितळवू नका. त्याचा कीस पेटला तर पाणी मारल्याने आग आणखी भडकते.