उत्तर: उत्तर: मेरिल शॉर्टस्टॉप की आउटफिल्डर? रविवारच्या आत ठरवा

निखिल, गुरुवार १४ मार्च २०२४

अजितदादा, रविवारी आपल्या फँटसी बेसबॉल लीगचा ड्राफ्ट (खेळाडू वाटून घेणं) आणि माझ्या कीपरचा (गेल्या वर्षीपासून राखलेला खेळाडू) घोळ अजून तसाच. जॅक्सन मेरिल मी गेल्या वर्षी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली इनफिल्डची जागा) म्हणून ठेवला होता. आता त्याचा संघ सॅन डिएगो पाड्रेज त्याला सेंटर फिल्डला, म्हणजे मागे आउटफिल्डला, उभा करणार. सोलला जाणाऱ्या संघात त्याचं नाव आहे, २० आणि २१ला डॉजर्सशी सामने आहेत आणि ते आपल्या गुणांत धरले जातात. आपल्या नियम ७ प्रमाणे मायनरमध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये) गेल्या मोसमात जिथे जास्त खेळला ती जागा. म्हणजे वर्षभर शॉर्टस्टॉप. सुहासकाका म्हणतात नाही. लेखी द्या. दुसरा शॉर्टस्टॉप घ्यायचा की नाही, सगळं त्यावर अडलंय.

सुहास, गुरुवार

निखिल, नियम ७ मीच लिहिलाय. "वर्षभर" कुठे आहे त्यात? तो लिहावा का लागला ते जुन्यांना माहीत आहे. कॅन्सस सिटी रॉयल्सनी विल मायर्सला २०११ मध्ये कॅचरवरून (बेसबॉलचा विकेटकीपर) आउटफिल्डला हलवला, तरी आपल्यातले एक सद्गृहस्थ त्याला कॅचर म्हणूनच मिरवत होते. (प्रसाद, नाव घेतलेलं नाही.)

आणि मुळात तुझ्या मेरिलचा भाव पडलाय हे मान्य कर. शॉर्टस्टॉपने २० होमर (होम रन, आपल्या षटकारासारखे) मारले तर कौतुक होतं. आउटफिल्डरने मारले तर लोक विचारतात, बरं मग? २००३ च्या वर्ल्ड कपला द्रविडच्या हातात ग्लोव्ह्ज दिले म्हणून आपल्याला एक बॅट्समन जास्त खेळवता आला. बॅटिंग तीच, पण किंमत जागेची असते. तुझं उलटं झालंय, ग्लोव्ह्ज काढून घेतलेत.

प्रसाद, गुरुवार

काका, द्रविडने ते संघासाठी केलं, हौस म्हणून नाही. त्याची पाठ आणि गुडघे कोणी विचारले का? बाकी चालू द्या.

मेधा, शुक्रवार १५ मार्च

काका, जागेला किंमत असते हे कबूल. पण कुठून कुठे हलला तेही बघा ना. कॅचरवरून हलणं म्हणजे खड्डाच. डॉल्टन वार्शो घ्या. २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनाकडून ग्लोव्ह्ज घालून पुरेसे सामने खेळला, म्हणून टोरांटोत गेल्यावरही २०२३ भर आपल्याकडे कॅचर राहिला. सरासरी .२२० आणि २० होमर. कॅचरच्या रकान्यात ते सोनं होतं. टोरांटोने त्याला वर्षभर आउटफिल्डलाच खेळवलं, त्यामुळे या वर्षी कॅचरचा शिक्का गेला. तेच आकडे घेऊन तो उभा आहे आणि काल गटात विचारलं तर कोणी हूं की चूं केलं नाही.

शॉर्टस्टॉपला आता तशी चणचण कुठे आहे? विट, सीगर, टर्नर, लिंडोर, बिशेट, डे ला क्रूझ, आपला हेंडरसन. दहा संघ, दहा शॉर्टस्टॉप, वर मिडल इनफिल्डचा एक कोपरा, तोही सेकंड बेसवाल्यांबरोबर वाटून. आउटफिल्डर मात्र प्रत्येकाला पाच लागतात. पन्नास! चाळिसाव्याच्या पुढे काय माल उरतो ते गेल्या ऑगस्टमध्ये मी भोगलंय.

सगळ्यात मोठं म्हणजे खेळायला मिळणं. पाड्रेजचं इनफिल्ड बघा: मचाडो, किम, आता सेकंडला गेलेले बोगार्ट्स, फर्स्टला क्रोनेनवर्थ. त्यात वीस वर्षांचा पोरगा कुठे घुसणार? शॉर्टस्टॉपचा हट्ट धरला असता तर एल पासोत (पाड्रेजच्या मायनर संघात) बसून राहिला असता आणि निखिलला शून्य गुण. डिसेंबरमध्ये पाड्रेजचे सोटो आणि ग्रिशम दोघंही यांकीजला गेले, आउटफिल्डमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. ब्राइस हार्परचंही तेच. २०१० मध्ये नॅशनल्सनी कॅचर घेतला, लगेच आउटफिल्डला टाकला, एकोणिसाव्या वर्षी मेजरमध्ये! कॅचर म्हणून घासत बसवला असता तर २०१२ उजाडलं नसतं.

सुहास, शुक्रवार

मेधा, हार्पर हार्पर आहे. हा पोरगा मायनरच्या डबल-ए मध्ये ४६ सामने खेळलाय, त्यावरच्या ट्रिपल-ए चं तोंड पाहिलेलं नाही, सेंटर फिल्डचा अनुभव जेमतेम. नवीन जागा शिकताना बॅट गप्प होते. गेल्या वर्षी मायनरमध्ये १५ होमर, १५ स्टील (चोरलेले बेस). चांगलं आहे, पण पन्नास आउटफिल्डरांत असले पंधरा सापडतील. निखिलला तो हवाय कारण सेव्हर्ना पार्कचा आहे. आपल्या काउंटीचा म्हणून किती लाड करायचे?

निखिल, शुक्रवार

काका, काउंटीचा आहे तर आहे! त्याचा आणि नियम ७ चा काय संबंध?

वैशाली, शुक्रवार

सर्वांना नम्र विनंती. ही ईमेल यादी मंडळाच्या सूचनांसाठी आहे. ९ एप्रिलच्या पाडव्याच्या लेझीमला अजून चार मुलं कमी आहेत आणि त्या मेलला एकही उत्तर आलेलं नाही. रविवारी लायब्ररीची खोली १० ते १२ लेझीमला दिली आहे, ड्राफ्टला नाही.

प्रसाद, शुक्रवार

वैशालीताई, खोली १२ नंतर आमची, तसं फेब्रुवारीतच ठरलंय. अजित, मेरिलचं होईल ते होईल, माझ्या जॅक्सन हॉलिडेचं काय? शॉर्टस्टॉपला हेंडरसन आहे म्हणून बाल्टिमोर ओरिओल्स त्याला सराव सामन्यांत सेकंड बेसला खेळवतायत. नियम ७ ने तो शॉर्टस्टॉप. मला सेकंड हवंय, तिथे खरी टंचाई आहे. मायर्सचं ऐकून घेतलं, आता हे द्या.

अजित, शनिवार १६ मार्च

निकाल, एकदाच.

नियम ७ ची जागा ड्राफ्टच्या दिवशी लागू. म्हणजे मेरिल आणि हॉलिडे दोघंही शॉर्टस्टॉप. नव्या जागेवर पाच सामने पहिल्या डावापासून खेळला की ती जागाही मिळेल. जुनी या मोसमापुरती जाणार नाही, पुढच्या वर्षी गेल्या मोसमाचे सामने मोजून ठरेल. म्हणजे निखिल, यंदा दोन्ही रकाने तुझे. पुढच्या मार्चला तो नुसता आउटफिल्डर असेल, कीपरची किंमत लावताना ते धरून चाल. प्रसाद, हॉलिडे मेजरमध्ये येईपर्यंत सेकंड नाही. स्प्रिंगचे (मोसमाआधीचे सराव) सामने मोजत नाही, कधीच मोजले नाहीत.

सुहास, शनिवार

"जुनी जाणार नाही" हे नियमात नव्हतं. हरकत नोंदवा. निखिल, मेरिल देणार असशील तर बदल्यात माझा वार्शो आणि ड्राफ्टची सातवी फेरी.

निखिल, शनिवार

काका, वार्शो तुमच्याकडेच ठेवा. मेधाताई, तुमचा पाचवा आउटफिल्डर कोण आहे सध्या? फोन करतो.

वैशाली, शनिवार

लेझीम. चार मुलं. प्रसाद, तुझी दोन धरते.