पूररेषा आली की आधी हलवायचं कुणाला?

कुर्लेकर_जुना

मिठी नदीचं पाणी चढलं की कुर्ल्यात तिच्या काठावरच्या क्रांतीनगरच्या लोकांना महापालिकेच्या शाळेत नेतात. पाणी ओसरलं की ती माणसं परत येतात, चिखल उपसतात, गाद्या उन्हात टाकतात. मी याच भागात वाढलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. त्या रात्री आईनं तांदळाचा डबा माळ्यावर चढवला आणि आम्ही शेजारच्या चाळीच्या गच्चीवर उभ्यानं पहाट केली.

त्यानंतर नगररचनेच्या अभ्यासकांनी पूर, भरती, वस्तीची दाटी यांचे पुष्कळ नकाशे काढले. मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडाही आला. नकाशांशी माझं भांडण नाही. पण नकाशात आपली वस्ती निळी, म्हणजे पुराखाली येणारी, दिसली की पहिली नोटीस झोपडीला येते. याच मिठीच्या मुखाजवळ दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, त्याला कुणी नोटीस दिली? जानेवारी २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या अधिसूचनेनं खाडीकाठचा नियंत्रित पट्टा १०० मीटरवरून ५० वर आणला. पुराचा धोका कुठवर हे दाखवणारी धोकारेषा त्या अधिसूचनेत आहे, पण आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून. सीआरझेडची हद्द त्या रेषेवरून ठरत नाही. जी रेषा टॉवरला अडवत नाही, तिच्या नावानं झोपडी हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नालेसफाई_इंजिनियर

पूर्ण असहमत. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबानं बांधलेले. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा अहवाल १९९३ चा, त्यात ताशी ५० मिमी धरलं. आजचा पाऊस तेही ओलांडतो. वर साडेचार मीटरची भरती असली की नाल्यांच्या तोंडातून पाणी बाहेर पडायचं सोडून आत येतं. म्हणून हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्हसारखी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं बांधावी लागली. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला २०२१ मध्ये जमिनीखाली टाक्या करायला घेतल्या.

आता मिठी रुंद करायची, गाळ काढायचा, तर पोकलेन उतरायला काठ हवा. काठावर घरं आहेत. टॉवरवाल्यांवर कारवाई होईपर्यंत थांबा म्हणता, पण तोवर जे पोर वाहून जाईल ते टॉवरमधलं नसेल. तुमच्या आईनं डबा माळ्यावर ठेवला ते ठीक, पण दरवर्षी हेच चालू ठेवायचं?

वरळीची_लेक

इंजिनियर दादा, काठ मोकळा हवा हे आम्हालाही कळतं, समुद्र आमच्या दारात आहे. पण तुमच्या नकाशात आमचं काय काय मोकळं दिसतं ते सांगते. मासळी वाळवायची जागा, जाळी पसरायची जागा, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतो ती जागा. सगळं 'रिकामं'. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे वेगळे आखून घ्या असं लिहिलं होतं. त्या सीमांकनासाठी आमच्या माणसांनी किती खेटे घातले!

सागरी किनारा रस्त्याच्या वेळी वरळीच्या क्लीव्हलँड बंदरासमोर दोन खांबांत साठेक मीटर अंतर ठेवलं होतं. लाटेत होडी आदळेल म्हणून आमचे लोक पाण्यात उतरून भांडले, मागणी १६० ची होती, शेवटी १२० झालं. भांडलो नसतो तर साठच राहिलं असतं. वादळाची चाहूल आम्हाला लागते, होड्या किती वर ओढायच्या हे आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. हे कुठल्या सर्वेक्षणात विचारलं?

कुर्लेकर_जुना

इंजिनियरसाहेब, चेंबूरजवळचं माहुल आठवा. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या लोकांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथल्या हवेचा आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं दुसरं घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या असं सांगितलं. जलवाहिनीच्या कडेचा माणूस उचलून धुरात नेला, आणि कागदावर त्याचं 'पुनर्वसन' झालं.

नालेसफाई_इंजिनियर

माहुल चुकलंच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण जागा चुकली म्हणून हलवणंच चूक ठरत नाही. दोन किलोमीटरच्या आत घर द्या, मुलांची शाळा तीच राहू द्या, मग हलवा. आणि ताई, कोळीवाडा आणि मिठीच्या भिंतीला टेकलेली खोली, दोन्ही एका मापानं मोजू नका. समुद्रावर तुमची रोजी आहे. नाल्याच्या काठावर कुणी आवडीनं राहत नाही.

नकाशे_काढणारी

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आवडीनं राहत नाहीत, भाडं परवडतं म्हणून राहतात. मी अशा वस्त्यांत घरोघर फिरले आहे. खोलीचा मालक बहुतेकदा वरच्या माळ्यावर किंवा दुसऱ्या गल्लीत राहतो, आणि खालच्या ओल्या खोलीत भाडेकरू. पुनर्वसनाचं घर कुणाला द्यायचं त्या पात्रतेची यादी बनते तेव्हा २००० पूर्वीचे, नाहीतर २०११ पर्यंतचे पुरावे मागतात. ते मालकाकडे असतात. ज्याच्या घरात कंबरभर पाणी येतं, त्याचं नाव यादीत नसतं. मालकाला घर मिळतं आणि भाडेकरू पुढच्या नाल्याकाठी खोली शोधतो.

दोन किलोमीटरचं म्हणाल, तर जागा कुठून आणणार? २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं धारावीच्या पुनर्वसनासाठी मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन द्यायला मंजुरी दिली. मिठागरं भरतीचं पाणी पसरायची जागा आहेत. पुरातून काढलेल्या माणसाला पाण्याच्याच जागेवर बसवायचं?

नालेसफाई_इंजिनियर

मिठागरांबद्दल मान्य. भाडेकरूंचा मुद्दा मी कधी या बाजूनं पाहिला नव्हता. तरी विचारतो: येत्या जूनला क्रांतीनगरात काय करायचं?

कुर्लेकर_जुना

एप्रिलमध्ये गल्लीगल्लीत बसून यादी करायची, मालकांची नव्हे, तळमजल्यावर झोपणाऱ्यांची. त्यात म्हातारी माणसं किती, तान्ही मुलं किती. पुलाजवळ पाण्याची खूण कोणत्या रेघेला गेली की निघायचं, हे वस्तीनंच ठरवायचं. शाळेची किल्ली वस्तीतल्या दोन बायकांकडे ठेवायची. आणि काठ मोकळा करायचाच असेल तर घराची चावी आधी त्या यादीतल्यांच्या हातात द्या, पोकलेन त्यानंतर. एवढं लिहून मिळालं तर मी स्वतः लोकांना समजवायला येतो.