‘पिपांत मेले ओल्या उंदिर’: अलंकार काढले तर आशय उरतो का?

कडक_भाकरी:
सोलापुरात बी.ए.ला मराठी शिकवते. बा. सी. मर्ढेकरांच्या या कवितेवर (‘काही कविता’, १९४७) पोरं ठरलेलं उत्तर लिहितात. आशय: यंत्रयुगातली हतबलता. खाली वेगळी यादी: प्रतिमा, पुनरुक्ती, विरोध. जणू भाजी एका ताटात, फोडणी दुसऱ्या. अहो, ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ आणि लगेच, ओठांवर ओठ मिळाल्यावर, ‘माना पडल्या, आसक्तीविण’. एका ‘विण’वर मरण आणि प्रणय सारखेच थंड होतात. हाच आशय. तो वेगळा काढून दाखवा बघू.

धोटा:
मॅडम, वडिलांनी सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, यंत्रमागावर जन्म काढला. त्यांना ही कविता वाचून दाखवली. म्हणाले, “पिपाचं झाकण उघडं कुणी ठेवलं बे?” हतबलता त्यांना पाठ आहे, कवितेनंच तिचं कोडं केलं. आणि ‘ओल्या उंदिर’ हे कुठलं व्याकरण? वृत्तासाठी शब्द इकडचा तिकडे ढकलला, समीक्षकांनी त्यात खोली शोधली.

कडक_भाकरी:
वृत्तासाठी? मोजा. ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’, सोळा मात्रा. मूळ ओळही सोळाच. यमकही अडत नाही, ते दुसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. सरळ ओळ हाताशी असताना मोडली. ‘ओल्या’ पिपापासून तुटतं, उंदराला चिकटतं, आणि ती ओल वाचणाऱ्याच्या अंगाला लागते.

जोडबसवण्णा_चौक:
मला तर ठेकाच जास्त छळतो. आठ-आठ मात्रांची ही चाल बडबडगीतात शोभेल, आणि आत मेलेले उंदीर! ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे.’ एक क्रियापद बदललं, बाकी सगळं तसंच. जगा नाहीतर मरा, माग चालूच. धोटा, तुम्ही तर त्या खटखटीतच झोपला असाल.

धोटा:
झोपलोय, म्हणूनच सांगतो. ती ओळ लागते कारण ती सरळ बोलते. तिच्यात पीप नाही, उंदीर नाही. वडिलांनी तेवढीच परत वाचायला लावली.

कडक_भाकरी:
तीच ओळ सुटी छापली तर कॅलेंडरावरचा सुविचार होईल. आधी उंदीर मेलेत, म्हणून ती बोचते. पुढचं बघा, ओठांवर जमलेलं ‘मधाळ पोळें’सुद्धा ‘बेकलायटी’ निघतं. वर्गात बेकलाईट, म्हणजे ते जुन्या काळचं कडक प्लास्टिक, एकालाही ठाऊक नव्हतं. घरातलं जुनं काळं बटण नेऊन दाखवलं. एक मुलगी त्यावर बोट फिरवत म्हणाली, “ओठ... याचे?”

धोटा:
म्हणजे कवितेसोबत बटण न्यावं लागलंच ना, मॅडम?