चांद्रयानाकडून धंद्यानं काय उचलायचं? (स्वस्ताई सोडून बोला)

लेथवाला
परवा आमच्या औद्योगिक वसाहतीच्या संघटनेत भाषण झालं, 'इस्रोकडून उद्योजकांनी काय शिकावं'. तासभर एकच पालुपद: मंगळयान ४५० कोटींत, चांद्रयान-३ ६१५ कोटींत, हॉलिवूडचा सिनेमासुद्धा याहून महाग. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या खरेदी-अधिकाऱ्याचा चेहरा असा उजळला की मी तिथंच ओळखलं, उद्या हा माझ्या दरात पाच टक्के तोडायला येणार.

माझं म्हणणं, खरा धडा ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटेचा आहे. चांद्रयान-२चं उतरणारं यान, विक्रम, चंद्रावर आदळलं. का? नंतर इस्रोचे अध्यक्ष झालेल्या सोमनाथांनी जाहीरपणे सांगितलं: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चूक साचत गेली, ती सुधारायला यानानं झपाट्यानं वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरनंच लगाम घातलेला. वर उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ला हीच यादी समोर ठेवली. जागा किलोमीटरांत मोजावी एवढी मोठी केली, पाय दणकट केले, इंधन वाढवलं, पाचातलं एक इंजिन चक्क काढलं. 'काय काय बिघडेल आणि तरीही कसं उतरेल' हा प्रश्न आधी.

भाषणाहून येऊन मी माझं रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नापास नगांची वही, उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात पानोपानी दोनच शब्द: 'ऑपरेटरची चूक'. कुठलं मशीन, कुठली वेळ, काही नाही. तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या तर बोअर (आतलं भोक) मोठा झालेले बरेचसे नग सोमवारचे! रविवारी शॉप बंद, सोमवारी थंड स्पिंडलवर (नग फिरवणाऱ्या दांड्यावर) पहिले नग. ऑपरेटर बिचारा फुकटचा बदनाम.

ताळेबंद
असहमत. तुमचं रजिस्टर ठीक आहे, पण इस्रोला बँकेचा हप्ता नसतो हे विसरू नका. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं घ्या. रशियाशी करार १९९१चा. अमेरिकेच्या दबावानं १९९३ला तंत्रज्ञान नाकारलं गेलं, नुसती तयार इंजिनं मिळाली. आपल्या इंजिनाचं पहिलं उड्डाण एप्रिल २०१०मध्ये फसलं, यश आलं जानेवारी २०१४मध्ये. वीस वर्षं! आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याच्या वाटेवर. अपयशातून शिकायला आधी अपयशानंतर जिवंत राहावं लागतं. तो धडा धंद्याला नाही, बँकांना द्या.

लेथवाला
सोमवारची नोंद ठेवायला कुठलं भांडवल लागतं? पेन लागतं.

कडू कारलं
दोघंही आकाशात बघताय, जरा जमिनीवर या. धंद्याच्या कामाचं उदाहरण म्हणजे सी-डॉट, सरकारची दूरसंचार संशोधन संस्था. १९८४ला सुरू, ३६ कोटी आणि ३६ महिन्यांची मुदत. परदेशी टेलिफोन एक्स्चेंजला थंडगार खोली लागायची; यांनी १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज असं केलं की ते एसीशिवाय, धुळीत, खेड्यातल्या उन्हाळ्यात चालावं. यात स्वस्ताई दुय्यम. माल जिथं बसणार तिथली हवा आधी पाहिली, हे मुख्य. शिवाय एकट्यानं कारखाना न टाकता तंत्र अनेक उत्पादकांना दिलं.

ताळेबंद
सी-डॉट मान्य. पण मग सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचंही बोला. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, पुण्यात विजय भटकरांच्या चमूनं १९९१ला 'परम ८०००' उभा केला. छाती फुगते. पण त्यातून जगभर यंत्रं विकणारी कंपनी उभी राहिली का? राष्ट्रीय यश आणि विकला जाणारा माल यांत फरक असतो. टाळ्यांवर जीएसटी लागत नाही, कारण त्याचं बिलच फाटत नाही.

तपासनीस
मी बारा वर्षं क्वालिटीत आहे. अवकाश कार्यक्रमासाठी सुटे भाग करणाऱ्या एका शॉपमध्येही काम केलंय. तिथं नगापेक्षा फाइल जाड असायची: कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू कुठल्या ओतातला ते सांगणारा), चाचणीचा दाखला, प्रत्येक ऑपरेशनला सही. सुरुवातीला वैताग यायचा.

पण लेथवाले, तुमचा मुद्दा अर्धाच आहे. कागद भरला जातो तो माणसाला भीती नसेल तर. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. १८ जुलै १९८०ला जमलं, तेव्हा प्रकल्पप्रमुख कलामांना पुढं केलं. हा किस्सा शिबिरांतून ऐकून ऐकून कान किटलेत, कबूल. तरी आमच्याकडे काय होतं पाहा: खराब नग ऑपरेटर चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) पिंपात तळाशी दडपतो. भंगारवाल्यानं पिंप उलटं केलं तेव्हा एकदा सतरा नग निघाले. तुमच्या रजिस्टरात 'ऑपरेटरची चूक' लिहितं कोण?

कडू कारलं
+१. आता उत्तर द्या लेथवाले.

लेथवाला
मीच लिहितो, ताई. सही माझीच. जे नग माझ्यापर्यंत आलेच नाहीत त्यांचा तर हिशोबच नाही. पिंप उद्या उलटं करून बघतो.

ताळेबंद
आणि सोमवारचं काय केलंत?

लेथवाला
अर्धा तास मशीन रिकामं फिरवतो, मग पहिला नग. त्या अर्ध्या तासाची वीज माझ्या खिशातून, हा तुमचा मुद्दा मान्य, ताळेबंदराव. बाय द वे, खरेदीवाल्यानं पाच टक्के मागितलेच. चांद्रयानाचं नाव काढून. तीनवर तोडलं.