सोसायटी ग्रुप: चिमण्या खरंच संपल्या का?

ए-१०२: एक फॉरवर्ड आलाय, चिमण्या देशातून संपत आल्या म्हणे. खरंय का हो? नातीला भाषणात घ्यायचंय.

बी-३०४: काका, असं सरसकट नका सांगू देऊ तिला. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार चिमणी देशभरात बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटतेय. बोलायचंच तर गिधाडांवर बोलू दे. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त गेली! गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.

सी-२०१: ताई, पण आधी काय होतं ते कळतं कसं?

बी-३०४: जुन्या नोंदींवरून. ब्रिटिश लष्करातल्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्येच दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली होती. पण जुनी नोंदही पारखून घ्यावी लागते. आपल्या खानदेशातला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १८८४ नंतर कोणालाच सापडत नव्हता. संग्रहालयात मात्र एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी. लोक तिकडे शोधत राहिले. पुढे उघड झालं की माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने १८८० च्या दशकात जमवलेल्या नमुन्यांतून चोरला होता आणि खोटी चिठ्ठी लावली होती. आत कापूस भरायची डेव्हिडसनची पद्धत त्या कातडीत ओळखू आली. ती नोंद बाजूला ठेवून पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबती जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! मला ही गोष्ट वाचताना अजूनही भरून येतं.

ए-४०२: बापरे. पण आपल्यासारख्यांनी पक्ष्यांच्या नोंदी लिहून काय उपयोग, दादा-ताई? आपण कुठे तज्ज्ञ?

बी-३०४: अहो, त्याच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल ३०,००० हौशी लोकांच्या ३ कोटी नोंदींवरच उभा आहे. चास, म्हणजे नीलपंख, १२ वर्षांत सुमारे ३० टक्के घटला आणि मोर वाढला, हे त्यातूनच कळलं. तारीख, वेळ, जागा, किती पक्षी दिसले एवढं ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाका. आणि दिसलेले सगळे लिहा, कावळा-पारवासुद्धा. नुसते दुर्मीळ लिहिले तर कावळे कमी झालेले कळणार कसे?

सी-२०१: नुसता आवाज आला तर चालतो का?

बी-३०४: हो, ओळख पक्की असेल तर. खात्री नसेल तर अंदाजाने नाव टाकू नका.

ए-१०२: ठीक. नातीचं भाषण आता रानपिंगळ्यावर.