गाडी कुठून घ्यावी आणि खाड्यांचा हिशेब
कोकण किनाऱ्याच्या सहलीसाठी नागपुरातूनच गाडी भाड्याने घेऊन रेवस ते रेडी हा सागरी मार्ग करावा, अशी सूचना काहींनी केली आहे; ती मला पटत नाही. समृद्धी महामार्ग झाला तरी त्याचेच ७०१ किलोमीटर आहेत, आणि भाड्यातील किलोमीटरची मर्यादा किनारा दिसण्याआधीच संपत येते. मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथे गाडी घ्यावी. मात्र या मार्गात आडव्या येणाऱ्या खाड्यांचा विचार सूचना करणाऱ्यांपैकी कोणीच केलेला नाही. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड येथे गाडीसह फेरीबोटीने पलीकडे जाता येते. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळची शेवटची फेरी चुकली, तर चिपळूणचा मोठा वळसा पडतो. म्हणून मुक्काम फेरीच्या वेळा पाहूनच ठरवावेत, आणि गाडी बोटीवर चढवण्यास मालकाची हरकत नाही ना, हे करारापूर्वी अवश्य विचारावे.